प्रज्ञावान मुले आणि आपण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आणि विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आम्हांस देण्यात आले. तंजावरात बोलावयाचे म्हटले की भोसले राजांचा इतिहास, सरस्वती महालातील हस्तलिखिते, येथील मराठी कीर्तनपरंपरा असे विषय आपोआप पुढे येऊन उभे राहतात. परंतु त्यांवर अधिकाराने बोलू शकतील अशी विद्वान मंडळी समोरच बसलेली आहेत. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर, शिक्षणाने साधे बी. ए. म्हणून ज्याचा अनुभव प्रत्येक आईबापास थोडाफार येतो, असा विषय आम्ही घेतला आहे. ज्या मुलांची बुद्धी वयाच्या मानाने फार पुढे धावते, त्यांच्या अभ्यासाची आणि त्यांच्या मनाची काळजी कोणी व कशी घ्यावयाची, हा तो विषय होय.

विषय नवा वाटला तरी तंजावरच्या मातीत तो जुनाच आहे. तुळजाजीराजांनी १७८७ साली ज्या मुलास दत्तक घेतले, तो सरफोजी त्या वेळी जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. लवकरच राज्य अमरसिंहाकडे गेले, बालक वाड्यात जवळजवळ कोंडला गेला आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याने तगादा लावला, तेव्हा कुठे १७९३ साली त्याला मद्रासेस नेऊन शिकविण्याची सोय झाली. १७९८ साली तोच मुलगा गादीवर बसला. ज्या ग्रंथालयास आज जग ओळखते ते त्याने वाढविले, शाळा काढल्या, देवनागरी छापखाना उभारला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बाळबोध मुक्तावळी' या नावाने येथेच छापविले. मुलांसाठी पुस्तक छापविणाऱ्या या राजास स्वतःच्या बालपणी शिक्षणावाचून दिवस काढावे लागले होते, ही गोष्ट आपण विसरू नये. एका शिक्षकाने त्याच्यासाठी आग्रह धरला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

आता प्रज्ञावान मूल म्हणावयाचे कोणास? आपल्या बोलण्यात 'हुशार' आणि 'पहिला आलेला' हे शब्द एकाच अर्थाने येतात. परंतु पहिला येणारा मुलगा शिकविलेले उत्तम रीतीने परत देतो, तर प्रज्ञावान मूल न शिकविलेले विचारते. एखादा मुलगा तीन वर्षांचा असताना दुकानांच्या पाट्या वाचू लागतो. एखादी मुलगी सातव्या वर्षी मृत्यूविषयी असा प्रश्न करते की आजोबाही निरुत्तर व्हावेत. अशी मुले वर्गात कित्येकदा कंटाळलेली, खोडकर किंवा आपल्यातच हरवलेली दिसतात आणि गुणपत्रकावर त्यांचे स्थान मधलेच असते. म्हणून त्यांना ओळखणे हीच पहिली अडचण आहे.

ही ओळख शास्त्रीय रीतीने करण्याचे प्रयत्न झाले आहेत व त्यांत मराठी मुलांचाही वाटा आहे. बिने या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या कसोट्यांवरून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी कसोट्या सिद्ध केल्या व १९४० साली त्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेत टर्मन यांनी १९२१ पासून सुमारे दीड हजार बुद्धिमान मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. गंमत अशी की, त्या निवडीच्या वेळी शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुले पुरेसे गुण न मिळाल्यामुळे बाहेर राहिली. शॉकली यांना १९५६ साली व अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले! कसोटी उपयोगी आहे. पण जे मूल तिच्या चाळणीतून खाली पडले ते सामान्य, असा निकाल देण्याचा अधिकार तिला नाही.

मग ओळखावयाचे कोणी? आमच्या मते हे काम मुलाच्या जवळ असलेल्या, सवड काढणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचे आहे. आपल्याच समाजातील उदाहरण घेऊ. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे झाला. मद्रासच्या शाळेत त्यांना पॉवेल नावाचे शिक्षक लाभले. या शिक्षकाने शाळेच्या वेळेबाहेर आपल्या घराच्या गच्चीवर या विद्यार्थ्यास आकाशातील ग्रहताऱ्यांची ओळख करून दिली, आणि मुलाने बाजारातून भिंगे आणून बांबूच्या नळ्यांची लहानशी दुर्बीण व सूक्ष्मदर्शक बनविले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले आहे. दुर्बिणीचा धडा त्या दिवशी पाठ्यक्रमात होता की नव्हता, याची चिंता गुरूंनी केली नाही आणि शिष्यानेही केली नाही. पुढे हेच माधवराव त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि मग त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले.

परंतु सर्वच मुलांना पॉवेल भेटत नाहीत. येथून चाळीस किलोमीटरांवर, त्याच कुंभकोणमात, सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक लहानसे घर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. २००३ पासून तंजावरच्या शास्त्र विद्यापीठाने ते स्मारक म्हणून जतन केले आहे. श्रीनिवास रामानुजन या घरात वाढले. त्यांच्या गणिताविषयी बोलण्याची आमची पात्रता नाही. आम्हांस त्या घरातील मुलाविषयी बोलावयाचे आहे.

हा मुलगा १८९७ साली प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिला आला. पुढे एका अंकगणिताच्या परीक्षेत त्याच्या मित्रास त्याच्यापेक्षा एकच गुण अधिक मिळाला, तेव्हा त्याने त्या मित्राशी बोलणे सोडले. त्रिकोणमितीतील काही सिद्धांत त्याने स्वतःच्या बुद्धीने शोधून काढले. ते पूर्वीच ज्ञात आहेत असे कळताच त्याला इतकी लाज वाटली की, ते कागद त्याने घराच्या छपरात लपवून ठेवले. बंधुभगिनींनो, ही छपराची गोष्ट आपण मनात नीट ठेवावी. ज्या शोधाबद्दल त्याची पाठ थोपटावयास हवी होती, तो त्याला अपराधासारखा लपवावासा वाटला. बुद्धी प्रौढ पंडिताची आणि मन मात्र शाळकरी मुलाचे, अशी ही विषम वाढ असते. त्या मनास समजावून सांगणारे कोणी जवळ असते, तर त्याला उमगले असते की थोरामोठ्यांनी पूर्वी काढलेली वाट आपल्याला स्वतःहून सापडणे, हीच आपल्या सामर्थ्याची खूण आहे.

कुंभकोणमच्या टाउन हायस्कुलात त्याची कदर झाली. सुमारे १२०० विद्यार्थी आणि पस्तीसएक शिक्षक यांचे वेळापत्रक बसविण्याचे काम तेथील गणिताच्या शिक्षकाने त्याच्यावर सोपविले होते. १९०४ साली तो शिष्यवृत्ती घेऊन तेथल्याच सरकारी महाविद्यालयात गेला. तोपर्यंत कार यांचे गणितातील सूत्रांचे पुस्तक त्याच्या हाती पडलेले होते आणि दुसऱ्या कोणत्याही विषयात त्याचे मन लागेना. इंग्रजीत तो नापास झाला, नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती गेली, आणि १९०५ साली हा सतरा वर्षांचा मुलगा घरी काहीही न सांगता विशाखापट्टणमकडे निघून गेला. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयातूनही एफ. ए. ची परीक्षा त्याच्याने उत्तीर्ण झाली नाही. नियम करणारे दुष्ट नव्हते. नियम सरासरीच्या मुलासाठी केलेला होता, आणि हे मूल सरासरीत बसत नव्हते, एवढेच.

आता जे सांगणार आहोत, ते आमच्यासारख्या सरकारी नोकरांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावे. या बुडत्या मुलास ज्यांनी हात दिला, ते आपल्यासारखेच कचेरीत बसणारे लोक होते. १९१० साली रामानुजन तिरुक्कोयिलूर येथे डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याकडे कारकुनीची नोकरी मागण्यास गेले. अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर बसवून ही प्रतिभा गुदमरविणे त्यांना योग्य वाटले नाही. त्यांनी ओळखपत्रे देऊन त्यांना मद्रासेस पाठविले. तेथे नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी त्यांना स्वतःच्या खिशातून दरमहा २५ रुपये देऊ केले. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर रात्री पाटी घेऊन त्यांच्याबरोबर गणित करीत बसत आणि अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्याकडे त्यांची बाजू मांडीत. १६ जानेवारी १९१३ चे हार्डी यांना लिहिलेले प्रसिद्ध पत्र याच कचेरीतील कारकुनाचे होय. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवी नसलेल्या या माणसास दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. सरकारी यंत्रणा म्हणजे निव्वळ अडथळा, असे म्हणण्याची आज पद्धत पडली आहे. यंत्रणेत बसलेल्या माणसाने डोळे उघडे ठेवले तर तीच यंत्रणा काय करू शकते, याचा हा पुरावा आहे.

येथवर विद्येची सोय झाली. मनाची सोय झाली काय? मार्च १९१४ मध्ये रामानुजन विलायतेस गेले. तेथे हार्डींसारखा सहाध्यायी मिळाला, १९१६ साली केंब्रिजची बी. ए. पदवी मिळाली, १९१८ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. परंतु थंडी, युद्धामुळे शाकाहारी अन्नाचे हाल, घरची पत्रे नीट न पोहोचणे आणि जिवाभावाचे बोलावयास कोणी नसणे, यांनी हा माणूस आतून खचत गेला. घरी जेवावयास बोलावलेल्या पाहुण्यांनी आणखी वाढून घेण्यास नकार दिला, एवढ्यावरून अपमान वाटून ते उठून निघून गेले आणि काही दिवस केंब्रिजला परतलेच नाहीत. १९१८ साली लंडनमध्ये त्यांनी आगगाडीच्या रुळांवर स्वतःला झोकून दिले; दैवयोगाने गाडी वेळीच थांबली. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. दुखणे शरीराचे होते हे खरे. परंतु बुद्धीस खाद्य मिळाले म्हणजे मनाचेही पोट भरते, ही आपली समजूत या चरित्रापुढे टिकत नाही.

लेटा हॉलिंगवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने अतिशय उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर १९४२ साली प्रसिद्ध झाला. बुद्धी जितकी असामान्य तितके समवयस्कांत मित्र मिळणे कठीण, असे त्यांना आढळून आले. बरोबरीच्या मुलांना याचे बोलणे कळत नाही आणि मोठी माणसे याला मूल समजून दूर सारतात. मग अशी मुले एकटी पडतात किंवा इतरांसारखे दिसण्यासाठी बुद्धी झाकून ठेवतात. मुलींच्या बाबतीत हे झाकणे अधिक घडते. 'फार प्रश्न विचारू नकोस' हे वाक्य मुलाच्या वाट्यास एकदा आले, तर मुलीच्या वाट्यास दहादा येते.

आपल्या देशात या मुलांसाठी काहीच झाले नाही असे नाही. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. निरनिराळ्या शाळांतील बुद्धिमान मुले शाळेनंतर तेथे जमत, आणि पुढे १९६९ साली स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. बुद्धिमंतास समाजाच्या ऋणाची जाणीव हवी, हा विचार तेथे आरंभापासून होता. राष्ट्रीय पातळीवर १९६३ साली प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली व तिने पिढ्यान्‌पिढ्या शिष्यवृत्त्या दिल्या. २०२१ नंतर ती योजना स्थगित झाली. ग्रामीण भागातील होतकरू मुलांसाठी नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये निघाली; पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीचे होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही विशेष प्रज्ञेच्या मुलांना पाठ्यक्रमापलीकडचे खाद्य द्यावे, शिक्षकांना त्यासाठी तयार करावे, असे म्हटले आहे. या योजनांचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु योजना मुलाची निवड करते. त्याच्याशी रोज संध्याकाळी बोलावयाचे काम तिच्याने होत नाही.

येथे एक आक्षेप येतो, व तो प्रामाणिक आहे. ज्या देशात कित्येक मुलांना साधे वाचता येत नाही, तेथे आधीच देणगी मिळालेल्यांचे लाड कशासाठी? आमचे उत्तर असे की, आम्ही लाड मागतच नाही. पंगतीत प्रत्येकास त्याच्या भुकेप्रमाणे वाढणे हा पक्षपात नव्हे. आणि विचार करा : श्रीमंताघरचे प्रज्ञावान मूल कसेही तरते, उपेक्षेचा खरा घाव बसतो तो गरीब घरच्या मुलावर. रामानुजनांचे वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. त्या घरातील मुलाची शिष्यवृत्ती जाणे म्हणजे शिक्षणच जाणे होते. म्हणून या मुलांची काळजी हा समतेचाच एक भाग आहे, असे आम्ही मानतो.

आता आपण काय करावे? प्रथम घरापुरते. मुलाच्या बुद्धीचे पाहुण्यांपुढे प्रदर्शन मांडू नये. ज्याची स्तुती केवळ हुशारीसाठी होते, ते मूल पुढे अवघड काम टाळू लागते, कारण अपयश आले तर आपली ओळखच पुसली जाईल, अशी त्याला भीती वाटते. म्हणून 'किती हुशार आहेस' असे म्हणण्याऐवजी 'हे तू कसे केलेस' असे विचारावे. त्याला हरू द्यावे, आणि हरल्यावर आपली माया तसूभर कमी झालेली नाही हे त्याला दिसू द्यावे. खेळ, झोप आणि रिकामा वेळ यांवर शिकवण्यांचे आक्रमण होऊ देऊ नये. आपली मुले शाळेत तमिळ व इंग्रजी बोलतात. तथापि मनातले दुःख घरच्या भाषेत लवकर बाहेर येते. ती दारे उघडी ठेवण्यासाठी तरी घरात मराठी असावी. आणि मूल जेवेनासे झाले, गप्प राहू लागले, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर अभ्यासाचा ताण म्हणून दुर्लक्ष न करता तत्काळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. तापासाठी डॉक्टरकडे जाताना आपण लाजत नाही.

दुसरे, मंडळापुरते. आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, गुणगौरव समारंभात टक्केवारीबरोबरच मुलाने आपखुशीने केलेल्या कामाचाही विचार व्हावा. कोणी कीटकांच्या नोंदी ठेवल्या असतील, कोणी आजीच्या तोंडची तंजावरी मराठी वाक्ये उतरून घेतली असतील, कोणी वीणेवर नवी रचना बसविली असेल. त्यात पहिला-दुसरा क्रमांक लावू नये. दुसरी, महिन्यातून एक संध्याकाळ निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसावीत आणि त्यांच्यासमवेत आपल्यातील निवृत्त अभियंते, बँकेतील मंडळी, संगीतज्ञ, ग्रंथपाल यांनी बसावे. शिकविण्यासाठी नव्हे, नारायण अय्यर बसत तसे, पाटी घेऊन, बरोबरीने.

तिसरी सूचना आमच्या नोकरीतून सुचलेली आहे. आपल्यातील अनेकांच्या बदल्या होतात. कचेरीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते तेव्हा तिच्याबरोबर टिपणे जातात. नव्या अधिकाऱ्यास मागचा सारा इतिहास कळतो. मूल मात्र एका गावाहून दुसऱ्या गावी जाते तेव्हा त्याच्याबरोबर गुणपत्रक व शाळा सोडल्याचा दाखला यांखेरीज काहीही जात नाही. त्याला कशाची ओढ आहे, तो कशाने दुखावतो, त्याने कोणता प्रश्न अर्धवट सोडला आहे, हे ज्या शिक्षकास ठाऊक होते तो मागे राहतो, आणि नव्या वर्गात मुलाला पुन्हा अनोळखी व्हावे लागते. अशा मुलाबरोबर त्याच्या शिक्षकाचे एक पानभर टिपण जावे, आणि नव्या गावच्या मराठी मंडळाने ते वाचून त्या मुलास आठवड्याच्या आत घरी जेवावयास बोलवावे, एवढी प्रथा आपण सुरू करू शकलो, तर तिला पैसा लागणार नाही आणि कोणाची मंजुरीही लागणार नाही.

प्रत्येक प्रज्ञावान मूल रामानुजन होत नाही आणि व्हावे अशी अपेक्षाही आपण करू नये. बहुतेक मुले चांगली डॉक्टर, शिक्षक, गायिका, कारागीर होतील आणि समाधानाने संसार करतील. आपले काम त्यांना मोठे करण्याचे नाही, ते त्यांची बुद्धी करील. त्यांनी स्वतःचे कागद छपरात लपवू नयेत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत या गावातील एका जरी मुलाने किंवा मुलीने असे म्हटले की, 'मला समजून घेणारी माणसे तेथे होती', तर या महोत्सवाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.